दसऱ्यानंतरची पहिली हीट

दसरा होऊन गेला तरी धुकं काही हटायला तयार नव्हतं. पंचगंगेच्या अंगानं ते रोज पहाटे वर यायचं, उसाच्या फडांवर लोळायचं आणि मग शिरोलीच्या कारखान्यांच्या पत्र्यांवर येऊन बसायचं. त्यात भट्ट्यांचा धूर मिसळला की ओढणीलासुद्धा लोखंडाचा वास लागायचा. तेच आभाळ दुपारी तव्यासारखं तापणार, हे ठाऊक असूनही माणसं सकाळी कानाला मफलर गुंडाळून यायची. संघप्रिया शिंगे फाउंड्रीच्या गेटातून आत शिरली तेव्हा तिच्या चपला दवानं भिजल्या होत्या आणि डोळ्यांत नागपूरच्या गाडीतली झोप शिल्लक होती.

दसऱ्याला ती दर वर्षी आईला, म्हणजे आक्काताईला, घेऊन दीक्षाभूमीवर जायची. खंडेनवमीच्या आधीच रजा पडायची. त्यामुळं फाउंड्रीतली हत्यारांची पूजा तिनं कधी बघितली नव्हती. परत आल्यावर नुसत्या खुणा दिसायच्या. तशा आजही दिसल्या. टेस्टिंगच्या काचेच्या खोलीत लोखंड तपासायच्या यंत्राच्या, स्पेक्ट्रोच्या, कपाळावर हळदकुंकवाची बोटं, आर्गॉनच्या सिलिंडरच्या गळ्यात झेंडूची माळ, कॉम्प्युटरच्या पडद्यावर सुकलेला तुरा, कीबोर्डवर आपट्याची पानं.

तिनं पानं गोळा करून खिडकीत ठेवली. आर्गॉनचा कॉक उघडला, स्पेक्ट्रोची जागा ब्रशनं झाडली, ग्राइंडरला नवा कागद लावला. रोजची कामं हाताला पाठ होती. आकाराम मोल्डरची ही पोरगी. बाप याच फाउंड्रीत वाळूचे साचे ठोकता ठोकता म्हातारा झाला. पोरगी गारगोटीच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकली आणि बाप जिथं आयुष्यभर वाळूत बसला, तिथंच काचेच्या खोलीत येऊन बसली. भट्टीतल्या लोखंडात काय किती आहे हे सांगायचं, खाली सही करायची, मग रस साच्यात जायचा. भट्टीतल्या वितळलेल्या लोखंडाला इथं सगळे रसच म्हणतात. तिच्या सहीशिवाय रस हलत नाही, हा थोरल्या मालकांच्या वेळचा नियम.

दार ढकलून शंकरप्पा आत आला. संकेश्वरकडचा हा भट्टीवाला पहाटेपासून भट्टीपुढं होता, तोंड भाजल्यासारखं लाल. चिमट्यात सँपल होतं, रुपयाएवढी लोखंडी चकती.

"तंगी, घे पयलं सँपल. बेगीन सांग. अकराला लाईट जाणार हाय."

तंगी म्हणजे धाकटी बहीण. तो तिला दुसऱ्या नावानं हाक मारायचाच नाही.

"आज तर आपला लाईट जायचा वार न्हाय, अण्णा."

"लाईन दुरुस्त करायची म्हणं. काल सांजचं फोन आलता. दादा म्हणला, पयली हीट काढूनच घेऊ, दसऱ्याची हाय."

विजेची भट्टी. वीज गेली की आतला रस विरजण लावल्यासारखा बसणार. म्हणजे अकराच्या आत भट्टी रिकामी झालीच पाहिजे. रिपोर्ट बरा आला तर रस साच्यात, नाहीतर अंगणातल्या वाळूच्या खड्ड्यात. दसऱ्यानंतरची पहिली हीट, म्हणजे भट्टीचा पहिला घाणा, मातीत ओतायचा म्हटल्यावर फाउंड्रीतल्या कुणालाही जेवण गोड लागलं नसतं.

संघप्रियानं सँपल ग्राइंडरवर धरलं. ठिणग्या उडाल्या. चकतीचं तोंड आरशासारखं झालं. ते घेऊन ती कॉम्प्युटरपाशी आली, विंडोज सुरू झालं होतंच, आणि तिनं आतलं मशीन चालू केलं.

आतलं मशीन म्हणजे काय, ते सांगायला हवं. स्पेक्ट्रोबरोबर आलेला जुना कॉम्प्युटर लिनक्सवर चालायचा. वळवात वीज पडली आणि तो गेला. त्यातला प्रोग्राम विंडोजवर चालत नव्हता आणि तसला कॉम्प्युटर पुन्हा मिळत नव्हता. तेव्हा शाहूपुरीतल्या वीरेशनं जुन्याची डिस्क काढली आणि अख्खाच्या अख्खा कॉम्प्युटर नव्या मशीनच्या पोटात, फायलींच्या रूपानं बसवून दिला. विंडोज घरमालक, लिनक्स पोटभाडेकरू. बटण दाबलं की खिडकी उघडायची आणि त्या खिडकीत जुना कॉम्प्युटर जिवंत व्हायचा. वीरेश तिचा क्लासमधला सोबती. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानावरच्या माळ्यावर, रविवारी, दोघांनी एका बाकावर बसून लिनक्स गिरवलं होतं.

आज खिडकी उघडली आणि तिच्यात जिवंत काही झालं नाही. एक चौकट आली. डिस्क किंवा ती ज्या आधीच्या डिस्कवर अवलंबून आहे ती उघडता येत नाही. फाईल सापडत नाही.

तिनं चौकट बंद केली, पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तीच चौकट.

"काय म्हणतंय?" शंकरप्पानं विचारलं.

"उठंना झालंय. तुमी भट्टी सांभाळा अण्णा, मी बगते."

तो गेला आणि त्याच्या मागोमाग संग्राम इंगवले आत आला. थोरले मालक, याचे वडील आबा, गेल्यापासून फाउंड्री याच्या अंगावर होती. तिशीतला गडी, आवाज बापाचा पण बापाचा धीर नाही.

"शिंगेबाई, रिपोर्ट?"

"मशीन उठंना दादा."

"उठंना म्हंजे? पूजेदिवशी मी सोता बगितलं, दिवा लागलाता."

"कोण बसलं हुतं त्याच्यावर?"

"कोण बसंल? तुमच्याशिवाय त्याला हात लावायची कुणाची टाप हाय?" तो काचेतून बाहेर बघत ओरडला. "ए, टेस्टिंगच्या कॉम्प्युटरला कुणी हात लावलाता रे? ज्यानं लावला आसंल त्यानं आजच डबा उचलायचा न् घरी जायचं."

बाहेर साच्यांवरचे हात थांबले. दारात स्टोअरकीपर गणपतराव चहाची किटली घेऊन उभे होते. डोक्यावर गांधी टोपी, कपाळाला ताजं कुंकू. थोरल्या मालकांबरोबर ज्यांनी पहिली भट्टी पेटवली त्यातला हा शेवटचा माणूस.

"मी तर निस्तं कुंकू लावलं," ते म्हणाले आणि किटली दुसऱ्या हातात घेतली.

संघप्रियानं त्यांच्याकडं बघितलं, मग पुन्हा पडद्याकडं.

"किती वेळ लागंल?" संग्राम.

"काय झालंय ते तर कळू दे."

"तवर एक करा. गेल्या महिन्याचा रिपोर्ट काढा, तारीख बदला, सही ठोका. स्क्रॅप तेच, भट्टी तीच, शंकरप्पा त्योच. काय फरक पडतोय?"

"स्क्रॅप तेच न्हाय. गेल्या हप्त्यात गाड्यांचं भंगार आलंय."

"भंगार ते भंगारच की."

"दादा, ह्यो माल उसाच्या ट्रॉलीच्या ब्रेकला जातोय."

तिच्या घरासमोरचा रस्ता उताराचा. हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर दिवसभर त्या उतारानं कारखान्याकडं जायचे. आक्काताई त्याच रस्त्याच्या कडेला शेणी थापायची.

"मग शंकरप्पा सांगंल अंदाजानं. ए शंकरप्पा!"

शंकरप्पा भट्टीवरूनच बोलला, लांब दांड्याची पळी न सोडता. "चकती मोडून कार्बनचा अंदाज सांगीन दादा. बाकीचं मला डोळ्यांनी दिसत न्हाय. माझ्या नावावर वतू नगा."

शहरातली लॅब दसऱ्याची सुट्टी धरून सोमवारी उघडणार होती. शेजारच्या कारखान्यात ॲल्युमिनियमचं काम, त्यांची यंत्रं लोखंडाला चालत नव्हती. संग्रामनं दोन फोन केले, दोन्हीकडून नाही आलं.

संघप्रियानं मोबाईल घेतला आणि खिडकीला गाल लावून उभी राहिली. पत्र्याखाली तेवढ्याच जागी रेंज यायची.

"वीरेश, झोपलायस का?"

"दात घासालोय. बोल."

"मशीन म्हणतंय, आधीची डिस्क सापडत न्हाय."

"फोल्डर उघड. काय काय हाय वाच."

"मूळ फाईल हाय. दोन नंबरची हाय." ती थांबली. वरून खाली पुन्हा बघितलं. "एक नंबरची न्हाय."

पलीकडं नळ बंद झाल्याचा आवाज आला.

"कुणी काढली?"

"मी नागपुरात हुते."

"ऐक आता. मशीनमधी काय बदलायच्या आधी आपण स्नॅपशॉट, म्हंजे आतल्या सगळ्याचा फोटो, काढून ठेवत हुतो, आठवतंय न्हवं? दर फोटोनंतर नवी फाईल सुरू झाली. मूळ फायलीत पयलं सगळं, एक नंबरात त्याच्यानंतरचे बदल, दोन नंबरात त्याच्याही नंतरचे. जिन्याच्या पायऱ्या हाईत त्या. मधली काढली की वरची हवेत."

"म्हंजे गेलं?"

"डिलिट केली आसंल तर तिची जागा आजून तशीच आसंल. त्या डिस्कवर काय लिहू नगस, काय बसवू नगस. शोधायचं सॉफ्टवेअर घेऊन येतो. पण शोधायला दुपार व्हईल."

"अकराला लाईट जाणार हाय. भट्टी भरलीया."

"मग अवघड हाय," वीरेश म्हणाला. "आणि एक. मूळ फाईल एकटी उघडायची न्हाय. उघडंल ती, काय अडचण न्हाय, जुना प्रोग्राम चालू पण व्हईल. पण एकदा तिच्यात काय लिहिलं गेलं की वरच्या पायऱ्या तिच्याशी कधीच जुळणार न्हाईत. मग मधली सापडली तरी उपयोग न्हाय."

फोन ठेवला तर संग्राम पाठीशीच उभा.

"जुना प्रोग्राम चालू व्हतोय म्हणला न्हवं त्यो?"

"त्यात जुनं माप हाय दादा. श्रावणात लेन्स साफ केली, तवा सगळी मापं नव्यानं बसवली. ती वरच्या फायलीत हाईत. जुन्यात बघितलं तर आकडे येतील, पण खोटं येतील."

"येतील न्हवं? मग करा की चालू."

"आज चालू केलं तर मशीन कायमचं गेलं."

"आज भट्टी मातीत गेली तर काय राहिलं?" संग्रामनं टेबलावर हात आपटला. आपट्याचं एक पान विसरून राहिलं होतं, ते खाली पडलं. त्यानं ते वाकून उचललं, कपाळाला लावलं आणि खिशात घातलं. आवाज थोडा खाली आला. "पयली हीट हाय, बाई. आबा गेल्यावरच्या पयल्या दसऱ्याची."

ती कॉम्प्युटरपुढं जाऊन बसली. हाताखालचा माऊस जड झाला होता. मूळ फाईल समोरच होती. दोनदा बोट दाबलं की संपलं. दादा गप्प झाला असता, आकडे आले असते, सही करायला पेन होतंच.

तिनं सगळ्या खिडक्या मिटल्या आणि पडदा मोकळा झाला. तेव्हा तिला दिसलं. ती जाताना पडद्यावर साधा निळा रंग होता. आता तिथं अंबाबाई होती, सगळ्या दागिन्यांसकट. आणि इकडंतिकडं पसरलेली सगळी चित्रं एका ओळीत लागली होती, स्टोअरमधल्या नटबोल्टांच्या डब्यांसारखी, लहानापासून मोठ्यापर्यंत.

असं या फाउंड्रीत एकच माणूस लावतो.

तिनं दाराकडं बघितलं नाही. गणपतरावांचा स्वभाव तिला ठाऊक होता. आकारामची पोरगी शिकलीया म्हणून थोरल्या मालकांच्या कानावर यांनीच घातलं होतं. माणूस गूळ, पण चारचौघांत एकदा नाही म्हणाला की मग वीज पडली तरी नाहीच. आणि संग्रामसमोर ते एकदा म्हणून बसले होते. आता पुन्हा समोर विचारलं तर दार कायमचं बंद.

"दादा, एक करता?" ती म्हणाली. "वीजवाल्यांना फोन लावून बगा. अर्धा तास जरी मागं ढकललं तर."

"ऐकत्यात व्हय ते?"

"तुमचं ऐकतील. मी केला तर फोनसुदिक उचलणार न्हाईत."

संग्राम ऑफिसकडं गेला. पायऱ्यांवर त्याचे बूट वाजेनासे झाले तशी ती म्हणाली, "काका, आत या की."

"नगं. पायाला वाळू हाय."

"आसू दे. अंबाबाई झ्याक लावलीया."

गणपतराव उंबऱ्यावर घुटमळले. "तुला चालंल का न्हाय, म्हणून दोनदा इचार केला."

"चालतंय की. ओळीनं पण लावलंय सगळं. मला तर जमलं नसतं."

"मग. पूजेच्या आधी हत्यार साफ पायजे..." बोलता बोलता ते थांबले. किटलीचं झाकण उगीच दाबलं.

बाहेर शंकरप्पानं रसावर तरंगणारी मळी ओढून फेकली. वाळूवर पडून ती चरचरली.

"काका," ती हळू बोलली, "मला कोण चुकलं ते बगायचं न्हाय. मला ती फाईल पायजे. रस किती वेळ दम धरंल, तुमाला माझ्यापेक्षा जास्त कळतंय."

त्यांनी मान वर केली नाही. "बाहेरनं सगळं पुसलं. मागल्या वायरीसुदिक काढून पुसल्या. मग म्हणलं, आतलं का घाण ठेवायचं? उघडलं तर पट्टी लाल. जागाच न्हाय. एकाच नावाच्या तीन फायली, म्हशीएवढ्या. म्हणलं, पोरगीनं चुकून तीनदा ठेवलंय. पयली ठेवली. शेवटची ठेवली."

"आणि मधली?"

"टाकली न्हाय," ते एकदम म्हणाले, जणू तेवढ्याचाच त्यांना राग आला होता. "खंडेनवमीला हत्यारातलं काय बाहेर टाकत न्हाईत. लेथखालचा चुरासुदिक झाडून पाटीत भरतो न् पूजेखाली ठेवतो. पयली हीट वतली, उत्तरपूजा झाली, की मग बाहेर. ती फाईल पण तशीच ठेवलीया. डबीत."

"कसल्या डबीत?"

"ती काळी. माझ्या स्टोअरचं सगळं रोज आत घालून ठेवायला दिलीया ती."

जादा हार्डडिस्क. संघप्रिया उभी राहिली. "कुठाय?"

"पूजेत."

स्टोअरच्या कोपऱ्यात पाटावर लाल कापड, त्यावर हातोडा, कानस, व्हर्नियर, आकारामच्या वेळची एक झिजलेली थापी, आणि सगळ्यांच्या मध्ये झेंडूच्या फुलांत बुडालेली काळी डबी. खाली पाटीत लोखंडाचा चुरा. तिचा हात पुढं झाला आणि मागं आला.

"तुमीच उचला काका."

"उत्तरपूजा झाली न्हाय आजून. पयली हीट व्हायच्या आधी हलवत न्हाईत."

"हलवल्याबिगार पयली हीट व्हत न्हाय."

गणपतरावांनी टोपी सरळ केली. किटली खाली ठेवली, हात धोतराला पुसले, चिमूटभर अक्षता पाटावर टाकल्या. ओठ हलले. मग दोन्ही हातांनी, अंघोळ घातलेलं मूल उचलावं तशी डबी उचलून त्यांनी तिच्या हातात दिली. डबी चिकट लागली.

"काय शिंपडलंतं?"

"दूधसाखर. थोडीशीच."

ती पळत खोलीत आली. वायर डबीला जोडली, दुसरं टोक कॉम्प्युटरला. डबीचा दिवा लागला आणि विझला. कोपऱ्यात चौकट आली, हे उपकरण ओळखता येत नाही. तिनं वायर काढून डबीचं तोंड उजेडाला धरलं. आत लाल, ओलसर थर. कुंकू आणि दूध. सँपल पुसायचं स्पिरिट होतं. टाचणीला कापूस गुंडाळून तिनं एकेक कोपरा पुसायला घेतला. तिनं कोपर टेबलावर टेकवलं. फुंकर मारली. पुन्हा पुसलं. स्पिरिट उडून जाईपर्यंत थांबायला हवं होतं, आणि तेवढंही थांबणं जिवावर येत होतं.

दुसऱ्यांदा दिवा लागला तो विझला नाही.

फाईल होती. ओळीत, व्यवस्थित, "टेस्टिंगची जादा" नावाच्या कप्प्यात. तिनं ती मूळ जागी कॉपी करायला लावली. हिरवी पट्टी सुरू झाली. बाकी वेळ कधी वाढायचा, कधी घटायचा, गावच्या एसटीसारखा भरवसाच नाही.

संग्राम परत आला. "अकरा म्हंजे अकरा म्हणत्यात. ह्ये काय चाललंय?"

"फाईल सापडली. आत घालालेय."

"कुठं सापडली?"

"आत जाऊ दे आदी."

पट्टी भरली. तिनं आतलं मशीन चालू केलं. काळी खिडकी उघडली, पांढरी अक्षरं धावली. संग्रामनं श्वास सोडला. आणि अक्षरं थांबली. बऱ्याच वेळा चालू-बंद झाल्यावर हे मशीन स्वतःच्या डिस्कची तपासणी करतं, आणि ती आजच आली होती. टक्के हळूहळू वाढू लागले.

"आता काय?"

"तपासणी. सक्तीची हाय."

"बंद करून परत लावा."

"मधीच बंद केलं तर खरंच मरंल."

"शंकरप्पा म्हणतोय रस थंड व्हालाय, परत तापवला तर कार्बन जळतोय..."

"व्हय. मला ठाऊक हाय दादा," ती म्हणाली. तिनं दोन्ही हात मांडीखाली घेतले, उगीच कळ दाबली जाऊ नये म्हणून. काचेपलीकडं मोल्डर साच्यांपाशी उभे होते, रस ओतायचा लॅडल तापवून तयार, सगळ्यांची तोंडं इकडं.

तपासणी संपली. प्रोग्राम उघडला. तिनं चकती स्पेक्ट्रोवर ठेवली, चाप आवळला, बटण दाबलं. ठिणगीचा तो ओळखीचा चर्रर्र आवाज आला. पडद्यावर आकड्यांच्या जागी रिकामे चौकोन. पुन्हा दाबलं. पुन्हा चर्रर्र. पुन्हा रिकामे.

"आयला," संग्राम म्हणाला, एवढंच.

"पोरी," दारातून गणपतराव बोलले. आता ते संग्रामसमोरच बोलत होते. "मागली जाड वायर मी काढून पुसली हुती. परत लावताना दोन भोकं एकसारखी दिसली. पयलं का दुसरं, ध्यानात राहिलं न्हाय."

संग्रामनं मान वळवून त्यांच्याकडं बघितलं. संघप्रिया तोवर टेबलाखाली गेली होती. जाड वायर खालच्या भोकात होती. तिनं स्क्रू सैल केले, वायर वरच्या भोकात घातली, बोटांनीच स्क्रू फिरवले. वर येताना डोकं टेबलाला आपटलं. तशीच बसून तिनं बटण दाबलं.

चर्रर्र. आणि चौकोनांत आकडे भरले.

तिनं ते वाचले, मग दुसऱ्या बाजूला ठिणगी मारून पुन्हा वाचले. "कार्बन कमी हाय. मँगनीज गेल्या महिन्यापेक्षा बरंच वर. मी म्हणलं न्हवं, गाड्यांचं भंगार." ती दारात जाऊन ओरडली, "अण्णा, कार्बन वाढवा. आणि मँगनीज उतरवायला जुन्या स्क्रॅपची मोड टाका, कोपऱ्यातली."

शंकरप्पानं हात वर केला. दुसरं सँपल चिमट्यात धरून दोन माणसं धावतच आली. तिनं घासलं, ठेवलं, बटण दाबलं. आकडे रेघेच्या आत. तिनं सही केली. पेन कागदावर जरा जास्तच रुतलं.

मग कुणी कुणाला काही सांगितलं नाही. भट्टी वाकली, लॅडल भरला, रसाचा उजेड पत्र्यावर चढला. साच्यांच्या ओळीवरून माणसं पुढं सरकत होती, तोंड बाजूला करून, पाय वाळूत घट्ट रोवून. शेवटची ओळ उरली असताना पंखे मंदावले, दिवे गेले. भट्टीचा घुमणारा आवाज एकदम बंद झाला आणि अख्ख्या शेडमध्ये फक्त रस पडण्याचा आवाज राहिला. लॅडलमध्ये होता तेवढा साच्यांत गेला. भट्टीच्या तळाशी उरलेला रस शंकरप्पानं हातचाकानं भट्टी वाकवून खड्ड्यात काढला. चार-दोन साचे रिकामे राहिले.

टेस्टिंगच्या खोलीत बॅटरीवरचा कॉम्प्युटर टुंई टुंई करत होता. संग्राम आत आला, सदरा पाठीला चिकटलेला.

"कुणी केलंतं ते सगळं?"

संघप्रियानं तोंड उघडायच्या आधीच गणपतराव म्हणाले, "मी. मगाशी खोटं बोललो. डबा उचलतो."

संग्रामनं बाहीनं कपाळ पुसलं. बाहेर साच्यांतून वाफ निघत होती, तिचा करपट वास खोलीत आला.

"आबांच्या वेळंपास्नं पूजा तुमीच करतायसा."

"व्हय. पुढल्या साली दुसऱ्या कुणाला सांगा."

संग्रामनं खिशातलं आपट्याचं पान काढलं, बघितलं, परत खिशात घातलं. "उत्तरपूजा झाली का?"

"न्हाय. हीट वतल्यावर असती."

"मग वतली की हीट. चला, नारळ कुठं ठेवलाय?" दारातून तो मागं वळला. "आणि त्यो कॉम्प्युटर पूजेतनं वगळायचा."

"वगळू नगा दादा," संघप्रिया म्हणाली. "राग यील त्याला. बाहेरनं कुंकू लावा, फूल वाहा. आत झाडू तेवढा घालू नगा."

गणपतराव हसले नाहीत. पण जाताना त्यांनी काळी डबी पुसून तिच्या टेबलावर ठेवली, लाल कापडात गुंडाळून. दोघं स्टोअरकडं गेले. थोड्या वेळानं नारळ फुटल्याचा आवाज आला.

बॅटरी संपत आली होती. तिनं प्रोग्राम बंद केला, आतलं मशीन बंद केलं, ते पूर्ण मिटेपर्यंत थांबली, आणि मगच बाहेरचं बंद केलं. आर्गॉनचा कॉक फिरवला. सिलिंडरच्या गळ्यातली सुकलेली माळ काढून खिडकीतल्या पानांवर ठेवली. धुकं कधीच गेलं होतं. काचेतून ऊन टेबलावर आलं होतं. तिनं ओढणी पाठीमागं टाकली, लहान ब्रश घेतला आणि स्पेक्ट्रोच्या तोंडावर साठलेली काळी राख झाडायला लागली.